तीन नंबर बराकीचं टपाल

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे हे आधी विचारते, नाहीतर म्हणशील की ठमीला स्वतःचंच पुराण. दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढून काढून माझेच डोळे फिरायची वेळ आली होती, म्हणून परवा सुट्टी घेतली आणि एकदाची बेटावर जाऊन आले. बाबा दर सोमवारी ज्या धक्क्यावरून नोकरीला जायचे, तिथूनच आता सहलीच्या बोटी सुटतात. तुरुंगाचं संग्रहालय केलंय. कोठड्यांना ताजा चुना, जेवणघरात चहाचं दुकान. लोक गजांमागे उभं राहून फोटो काढून घेतात आणि हसतात.

दादा, मी तिथे एक लाजिरवाणी गोष्ट करून बसले. दारात दोन वह्या ठेवल्यात. एक बंदिवानांच्या नातलगांनी सही करायची, दुसरी कर्मचाऱ्यांच्या. पहिली भरत आलेली. दुसरीत जेमतेम तीन सह्या, त्यातली एक खोडलेली. माझ्यामागे एक बाई वडिलांचा तडकलेला चष्मा संग्रहालयाला द्यायला घेऊन उभ्या होत्या. तुमचेही वडील इथे होते का, असं त्यांनी इतक्या मायेनं विचारलं की मी मान हलवली आणि पहिल्या वहीत सही ठोकली. पत्त्यासकट.

मग काय, मला पुढच्या बाकावर मान. माहिती सांगणारे गृहस्थ स्वतः तिथे अकरा वर्षं कैदेत होते. चौऱ्याऐंशीचे आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी वडिलांची बराक विचारली. बाबांच्या बोलण्यात तीन नंबर यायचा, तोच माझ्या तोंडून गेला. मास्तरही नेमके तिथलेच. त्यांनी बाबांचं नाव दोनदा पुटपुटून पाहिलं, डोळे मिटून आठवलं, आणि शेवटी माझे हात धरून माझीच माफी मागितली. म्हणाले, सोबतीचा माणूस आठवू नये याची लाज वाटते. लाज त्यांना वाटली, दादा, आणि मी शुंभासारखी उभी.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी चालेल, पण लोभ आहे तसाच ठेव.
तुझी
ठमी

९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

गुडघा आता जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना ओरडतो, एवढीच प्रगती. दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करायला पाय लागत नाहीत हे नशीब.

खोटं बोललीस हे वाईट झालं. पण जिवाला इतकं लावून घेऊ नकोस. लहानपणापासून तुला चारचौघांत वाईट दिसायची धास्ती, त्यातलाच हा प्रकार. बाबा कोठारात कारकून होते. घोंगड्या आणि साबण देणाऱ्या माणसानं कुणाचं काय घोडं मारलं? आता पुन्हा तिकडे फिरकू नकोस. म्हातारा माणूस आहे, चार दिवसांत विसरेल.

तुझी वहिनी म्हणते, सुट्टी घ्यायचीच होती तर इकडे यायला काय झालं होतं. मीही तेच म्हणतो.
तुझा
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मास्तर विसरले नाहीत. काल त्यांचं पत्र आलं. कापऱ्या अक्षरात चार पानं. माझ्यासाठी त्यांनी कैद्यांच्या नोंदी पहिल्यापासून चाळल्या, हयात असलेल्या सहा जणांना पत्रं घातली. कुणालाच बाबा आठवत नाहीत. तरी ते लिहितात की कागद चुकतात, लेक चुकणार नाही. बराकीच्या दारावर नावांचा फलक लागतोय, त्यात दहा मार्चला बाबांचं नाव रंगवणार आहेत. मला बोलावलंय. मी जाऊन खरं सांगणार आहे, तू नको म्हणालास तरी.

आणि त्या दिवशी पाहिलेली एक गोष्ट तुला लिहायची टाळली. कचेरीत कर्मचाऱ्यांचा एक फोटो लावलाय. बाबा त्यात टेबलाशी बसलेत. समोर घोंगड्या नाहीत. पत्रांचा ढीग आहे, आणि हातात कात्री. दादा, ते नक्की काय करायचे? तुला ठाऊक असणार. मास्तरांसमोर मला अर्धंमुर्धं सांगायचं नाही.

उत्तर लवकर धाड. वाट पाहते.
तुझी
ठमी

२६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

कोठाराची गोष्ट आईनं शेजाऱ्यांसाठी रचली आणि मग आपल्याच घरात ती खरी झाली. बाबा कैद्यांचं टपाल तपासायचे. नको ती ओळ कात्रीनं कापायची, नको ते पत्र अडवून जाळायचं, असा हुकूम होता. कैद्यांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. ते त्यांना कात्रीच म्हणत.

अडवलेली पत्रं बाबांना जाळवली नाहीत आणि पोचवायची छाती झाली नाही. ते गेल्यावर बिस्किटांच्या डब्यात सापडली. मी ती बावीस वर्षं दुकानाच्या माळ्यावर ठेवली आणि कुणाला बोललो नाही. लाज वाटली, दुसरं काय. आता तू जाणारच आहेस तर घेऊन जा. पार्सल वेगळं पाठवलंय. मास्तरांना काय सांगायचं ते तू सांग, माझ्यात ती हिंमत नाही.

जपून जा. आमच्या दोघांच्या शुभेच्छा.
तुझा
दादा

७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सांगून आले. मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि फलक रंगवणाऱ्याला निरोप धाडला की एक नाव कमी करा. मग डबा जवळ ओढला. अडतीस पत्रं. एकेका नावाची वेगळी चळत लावली. हा गेला, याची मुलगी आहे, याला आजच कळवतो, असं पुटपुटत होते. चेहरा उजळला होता.

सगळी लावून झाल्यावर त्यांनी विचारलं की माझ्या नावाचं एखादं आहे का. बोटीत मी तीनदा पाहिलं होतं. नव्हतं.

अकरा वर्षांत त्यांना आईची दोनच पत्रं मिळाली. बाकीची कात्रीनं अडवली असं धरून चालले होते. कात्रीला रोज शिव्या घातल्या, पण आईबद्दल वाकडा विचार मनात येऊ दिला नाही. आई त्यांच्या सुटकेआधीच गेली. आता ते हळूच म्हणाले, म्हणजे आईनंच लिहिलं नाही.

मग त्यांनी पुन्हा विचारलं की पत्रं एवढीच होती ना. मी छातीठोकपणे सांगितलं की माझा दादा घड्याळाचा बारीक स्क्रूसुद्धा हरवू देत नाही, होती ती सगळी ही. बोटीपर्यंत सोडायला आले, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मी हे करायला नको होतं का रे? तूच सांग, आणि माया असू दे.
तुझी
ठमी

११ मार्च

चि. ठमीस,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

डब्यात दोन गठ्ठे होते. तीन वर्षांपूर्वी संग्रहालयानं पेपरात आवाहन केलं की बेटावरचं काही घरात असेल तर आणून द्या. मी घाबरलो. दुकानाच्या पाटीवर बाबांचं नाव आहे, लोक काय म्हणतील हेच डोक्यात. भर दुपारी दुकानामागे पत्र्याच्या पिंपात एक गठ्ठा जाळला. दुसरा हातात घेतला आणि गिऱ्हाईकानं हाक मारली. म्हणून तो वाचला. पस्तावलो म्हणून नव्हे.

पत्रांवरची नावं मी वाचली नाहीत. वाचली असती तर जाळता आली नसती. त्यामुळे मास्तरांच्या आईनं लिहिलं होतं की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बाबांनी तेवढी वाट मोकळी ठेवली होती. ती मी बंद केली, आणि तुला माझ्या नावानं खोटं बोलायला लावलं.

रविवारी सकाळच्या बोटीनं बेटावर जातोय. तू धक्क्यावर ये, पण बोलणार मी. त्यांना सांगणार आहे की मास्तर, आईवरचा राग सोडा आणि माझ्यावर धरा.

मोठा असून तुझ्याकडे मागतो, लोभ सोडू नकोस.
तुझा
दादा