भाकरीच्या ओळीपुढचं

प्रिय नागम्मा,

प्रभूच्या नावानं तुला सलाम. मी कस्तुराबाई, नांदेडची, बोर्डिंगातल्या तुझ्या समोरच्या चुलीवरची. लिहून राहिली ती माझी नात सृष्टी. मी नुसती बोलते. ती म्हणाली, आजी, पत्रात ‘लई’ लिहीत नसतात, ‘फार’ लिहू. मी म्हटलं, नागम्माला माझं ‘फार’ ओळखू यायचं न्हाई, कुण्या दुसऱ्या बाईचं पत्र समजून परत पाठवील. तर लई दिवसांनी आठवण काढली असं समजू नको. रोज काढते. फोनही लावते. तो तिकडं लातूरला तुझी पुनम उचलते आणि दर खेपेला सांगते, आजी झोपल्यात. अगं, बोर्डिंगात वीस वर्षं कोंबड्याच्या आधी उठणारी बाई गेल्या सात महिन्यांत एवढी झोपायला लागली, हे मला काही पटेना. म्हणून हे पत्र. पुनम बाळा, वाचून दाखवताना मधलं काही गाळू नको, तुझ्यावरचं सुद्धा.

परवा माझ्या हणमंतानं गावाकडून नवी ज्वारी आणली आणि मी परातीत पीठ घेतलं तशी तू डोळ्यांसमोर येऊन बसलीस. साठ पोरींच्या भाकरी, दोन चुली, तू तिकडं, मी इकडं. माझं देवघर माझ्या घरी, तुझा प्रभू तुझ्या चुलीपाशी, मधे पिठाचा डबा. भांडायचो ते फक्त फुंकणीवरून. घड्याळ तर नव्हतंच. तू भाकरी तव्यावर टाकलीस की तुमची ती स्वर्गातल्या बापाला हाक मारायची प्रार्थना सुरू करायचीस, आणि रोजची भाकर मागायची ओळ आली की उलथायचीस. भाकरी कधी कच्ची राहिली न्हाई की करपली न्हाई. मग मीही तुझ्यासोबत म्हणायला लागले. भक्तीबिक्ती काही नव्हती गं, माझ्या भाकरी करपायच्या म्हणून.

आता खबर ऐक. मी तुझ्या इथल्या चर्चला जायला लागले. दिवाळीच्या आधीपासून, दर रविवारी. हसू नको. पहिल्या दिवशी गेले ती तुझ्या देवाशी भांडायला. एवढं तुझं नाव घेणारी बाई, तिला लकवा, आणि तोही उजव्या हाताला आन् जिभेला? दुसरं काही सापडलं न्हाई का तुला, असं तोंडावर विचारायचं आणि परत यायचं, असा बेत होता. मागच्या खिडकीपाशी तुझ्या जागेवर बसले. विचारलं सगळं, मनातल्या मनात, पण चांगलं खडसावून. त्यानं काही उत्तर दिलं न्हाई, पण उठूनही गेला न्हाई. आमचे मालक अशा वेळी चप्पल घालून पारावर जायचे. मग बाहेर पडायला लागले तर धुरपताबाईनं हात धरला. ती आता ठार बहिरी झाली. गाणं संपलं की तिची एक ओळ उरलेली असते, आणि सगळं चर्च, पाळकसाहेब सुद्धा, ती संपेपर्यंत उभं राहतं. कुणी खोकत सुद्धा न्हाई. त्या दिवशी तिनं मला तुझं नाव घेऊन बसवलं, चहा पाजला, आणि पुढच्या बुधवारी महिलांच्या सभेला शेंगदाण्याचे लाडू तू आणायचेत म्हणून हुकूम सोडला. आता लाडू न्यायचे म्हणजे जावं तर लागणार.

असं करत करत पौष उजाडला. एक दिवस मी उन्हात तुरीची डाळ निवडत बसले होते. घरात कुणी न्हाई. आणि माझ्या ध्यानात आलं, की मी घंटाभर तुझ्या देवाशी बोलून राहिले, आणि भांडण कशाचंच न्हाई. डाळीत खडे किती, कुसुमचा गुडघा दुखतो, सृष्टीचा पेपर कसा गेला, असलं सगळं. तुझ्याबद्दल एक गोष्ट तर मी कुणापाशी बोलले नव्हते, ती सुद्धा सांगून टाकली. त्याच्यानंतर बसल्या जागी इतकं हलकं वाटलं, की मी शेजारणीची डाळ मागून आणून निवडली. कुसुमला वाटलं, सासूला ऊन लागलं.

बाप्तिस्मा घेते म्हटलं, तर हणमंतानं आधी तोंड पाडलं. म्हणाला, आई, मग आता माहूरला कोण यायचं आमच्यासोबत? मी म्हटलं, तुम्ही सुखानं जा, देवीची ओटी कुसुमच्या हातानं भरा, तुमच्या वाटेच्या दशम्या मी करून देते. पाचव्या दिवशी रविवार होता, तर चर्चच्या फाटकापर्यंत मोटरसायकलवर सोडलं आणि विचारलं, सुटतं कधी? तेवढं मला बस झालं.

तर येत्या ईस्टरला माझा बाप्तिस्मा ठरला होता. त्याआधी चर्चच्या पंचांसमोर ती प्रार्थना म्हणून दाखवायची होती. मी म्हटलं, त्यात काय, वीस वर्षं म्हटली. उभी राहिले, डोळे मिटले, सुरू केलं आणि माझे हात आपोआप थापायला लागले. भाकरीची ओळ आली, मी हवेतच भाकरी उलथली आणि ‘आमेन’ म्हणून खाली बसले. पंच हसून हसून बेजार. पाळकसाहेब म्हणाले, आजीबाई, अजून अर्धी राहिली. नागम्मा, मला ठाऊकच नव्हतं गं. तिथं तू ओरडायचीस, कस्तुरक्का, पुढची टाक, आणि उरलेलं फुंकणीच्या आवाजात तुझ्या तू म्हणायचीस. भाकर मागितली, भाकर मिळाली, आता देवाशी आणखी काय बोलायचं असंल, असं मी समजून चालले होते. सृष्टीनं मोबाईलवर शोधून उरलेली प्रार्थना म्हणायला घेतली, तर मी कानावर हात ठेवले. पाळकसाहेबांकडून एवढंच कळलं, की भाकरीच्या लागलीच पुढं माफी मागायची ओळ आहे.

आता दवाखान्यातलं सांगते, इतका वेळ धीर होईना. तू माझं नाव घ्यायला गेलीस, ते ‘क-क’ करून अडकलं, आणि मी म्हटलं, काय गं, कोंबडी झालीस का? नर्स हसली, शेजारच्या खाटेवरची बाई हसली. तू भिंतीकडं तोंड केलंस. नागम्मा, मी घाबरले होते. घाबरले की मला चेष्टाच सुचते. मालकांना नेताना मी खांदेकऱ्यांना म्हटलं होतं, हळू न्या, त्यांना घाई कधी आवडली न्हाई. पण ते तर गेलेले होते, तू ऐकत होतीस. माझं चुकलं. तेव्हापासून तू फोनवर येत न्हाईस, चर्चला जात न्हाईस, पाहुणा आला की डोक्यावर पांघरूण घेतेस, हे शेवटी पुनमनंच मला सांगितलं. तिला रागावू नको. मी पंचांना सांगून आले, ज्या बाईनं अर्धी शिकवली तीच उरलेली शिकवील, न्हाईतर ईस्टर पुढच्या वर्षीही येतोच. पाळकसाहेबांनी माझं वय विचारलं, मी सांगितलं न्हाई. शनिवारी सकाळच्या लातूरच्या गाडीनं येते, नव्या ज्वारीचं पीठ घेऊन. पुनमला तवा ठेवायला सांग आणि तू माझ्यासमोर बस. मी भाकरी टाकते, भाकरीच्या ओळीपर्यंत मी म्हणते, पुढचं तू सांग, जमेल तसं, एकेक शब्द. एका शब्दाला एक भाकरी लागली तरी लागू दे. मी मधे बोलणार न्हाई, उलथणार न्हाई. करपलेल्या सगळ्या मी खाईन.

तुझीच,
अर्ध्यावर थांबलेली
कस्तुरा

(खाली माझा अंगठा. घरात शाई सापडेना, म्हणून तव्याची काजळी लावली.)