हातोडी दाखवेल तिथे

प्रिय राडिम,

पाकीट बघून तू दचकशील, कारण आपल्या घरात पत्र कोणी लिहीत नाही. सगळे बरे आहेत. आई बरी आहे, बाबांचे दोन्ही हात धड आहेत. हे मुद्दाम आधी लिहिलं, कारण तू तेच आधी शोधशील. घाबरलेली मी आहे. फोनच करणार होते, पण बाबांचं नाव निघालं की तू 'ठेवतो, ट्रक आलाय' म्हणतोस. लिंझच्या त्या गोदामात दिवसाला इतके ट्रक येत नसणार.

मी किल्ल्यावर आहे, लोहारांच्या मेळाव्याला. हो, आलो आम्ही. बाबांचं मनगट मोडलं आणि तू घर सोडलंस, त्यानंतर पहिल्यांदाच. या वेळी तुझ्या जागी घण माझ्या हातात आहे. मला हे कधीपासून हवं होतं ते तुला माहितीये. तू आणि बाबा ऐरणीवर असायचात, तेव्हा मी आईचं लाटणं घेऊन कणकेवर तुमचा ताल धरायचे आणि मार खायचे. फेब्रुवारीत बाबा स्वतःहून म्हणाले, "उचल, बघू झेपतो का." झेपला, राडिम. पहिले पंधरा दिवस मला चमचा धरता येत नव्हता, पण मी इतकी खूश होते की झोपेतसुद्धा मोजत होते. त्यांची छोटी हातोडी टिक करणार, माझा घण तिथेच धाड. टिक, धाड. आणि तुला सांगायचे तेच मलाही सांगितलं, "घणवाल्याने डोकं घरी ठेवून यायचं. हातोडी दाखवेल तिथे मारायचं. ती ऐरणीवर दोनदा वाजली की थांबायचं, त्याच्या आधी नाही."

मे महिन्यात बाबांनी लोखंड जाळलं. म्हणजे खरंच जाळलं, भट्टीतून काढलं तेव्हा फुलबाजीसारखं तडतडत होतं. म्हणाले, कोळसा भिकार आहे. मी मान्य केलं, कारण बाबा लोखंड जाळत नाहीत. मग ते मला रंग विचारायला लागले. "सांग बघू, आता कसा आहे?" मला वाटलं, शिकवतायत. मी शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी ओरडायचे, केशरी, पिवळा, आता काढा. ते काढायचे. मी रात्री जेवताना आईला सांगायचे की बाबा म्हणतात माझी नजर चांगली आहे. आई भांड्यांकडे बघत राहायची.

शुक्रवारी सकाळी निघालो. आईच्या मक्याच्या सालपटांच्या बाहुल्यांची नऊ खोकी मागे, मधे आई, तिच्या मांडीवर दहावं. बाबांनी व्हॅनची किल्ली माझ्याकडे फेकली. "पाठ धरलीये, तू चालव." बाबांनी ती व्हॅन कधी कोणाला दिलीये? रस्ताभर ते मला गाडी कशी चालवायची ते सांगत होते, आणि समोर ट्रॅक्टर आला तेव्हा काहीच बोलले नाहीत. आई म्हणाली, "यांना रस्त्यातला ट्रॅक्टर दिसत नाही, पण माझ्या सूपमध्ये मीठ कमी पडलं की बरोबर दिसतं." बाबा म्हणाले, "मीठ दिसत नाही, बाई, ते कळतं." आम्ही तिघं हसलो. मग खसखशीचे पाव खायला थांबलो. बाबा थर्मासमधून कॉफी ओतायला लागले, आणि आईने बोलता बोलता, न बघता, कप दोन बोटं सरकवून धारेखाली धरला. बस, एवढंच. पण रोज करतो ते काम माणूस जसं न बघता करतो, तसं केलं तिने. मी उरलेला पाव परत कागदात गुंडाळला.

तिथून मला भीती बसली ती बसलीच. शुक्रवारी दुपारी म्हातारा स्तिबोर भेटला, तोच, ज्याच्या मिशीला तू लहानपणी घाबरायचास. लांबूनच ओरडला, "काय रे ओटाकर, पोरगा पळाला म्हणून पोरगी जुंपलीस?" बाबा म्हणाले, "हिचा घण तुझ्या जिभेपेक्षा सरळ पडतो." स्तिबोरने तुझं विचारलं. "तो ऑस्ट्रियात साहेब झालाय," असं बाबा म्हणाले. बोलताना ते स्तिबोरच्या तोंडाकडे नाही, कानाकडे बघत होते. मी उभी राहून बघितलं आणि काही बोलले नाही. शनिवारी सकाळीही नाही. काय बोलणार? तुम्हाला दिसत नाही, असं? बाबांना? मी फक्त घणाचा दांडा पुसत राहिले.

अकराला आमची पाळी. चर्चच्या दाराची मोठी बिजागरी घडवायची होती, सगळ्यांसमोर. चौकात दोनशे माणसं असतील, आई बाहुल्यांचा स्टॉल सोडून पुढे आलेली. पहिल्या दोन तावांत, म्हणजे पट्टी दोनदा तापवून ठोकली तोवर, सगळं नीट झालं, मी तर भीती विसरायलाच लागले होते. तिसऱ्या तावाला पट्टीचं तोकडं टोक उरलं, जेमतेम वीतभर. बाबांनी ते सांडशीत धरलं. टिक, धाड. टिक, धाड. आणि प्रत्येक टिक थोडी थोडी त्यांच्याकडे सरकत चालली होती. माझा घण वर होता तेव्हा हातोडी सांडशीच्या जबड्यावर वाजली. लोखंडावर नाही, राडिम. जबड्यावर. आणि बाबांचं तोंड इतकं शांत होतं, जणू सगळं बरोबर चाललंय.

मी घण बाजूला ओढला. तो ऐरणीपलीकडे मातीत गेला, माझा खांदा अजून दुखतोय. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "पोरी, ऐरण इकडे आहे." बाबांनी पुन्हा टिक केलं. पुन्हा तिथेच. मी घण खाली ठेवला. दोनदा वाजायच्या आधी. "उचल," ते हळूच म्हणाले. मी नाही म्हटलं. "लोक बघतायत, बेता." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही सांडशीवर दाखवताय." ते खाली बघायला लागले, मग मान जरा वाकडी करून बघायला लागले, आणि लोखंड त्यांच्या हातात काळं पडत गेलं. स्तिबोर पुढे आला, त्यांच्या हातातून सांडशी घेतली आणि लोकांना म्हणाला, "ओटाकरला तहान लागलीये. तोवर या म्हाताऱ्याचा हात बघून घ्या." त्याच्या मिशीबद्दल आपण जे जे बोललो ते मी परत घेते.

स्टॉलच्या मागे बाबा एका खोक्यावर बसले. आई बाहुलीच्या डोक्याला रुमाल बांधत होती, तिला काहीतरी करायलाच लागतं. बाबा म्हणाले, "जिथे बघतो नेमका तिथेच डाग येतो. कडेचं सगळं दिसतं. तुझं तोंड बघायचं तर कानाकडे बघायला लागतं." आई म्हणाली, "वर्षभर सांगतेय डॉक्टरकडे चला. डॉक्टर काय चावतो?" ते म्हणाले, "चावत नाही, भट्टी बंद कर म्हणतो." मग मी विचारलं, कधीपासून. तसा साधाच प्रश्न होता. ते बुटाने माती उकरत राहिले. इतका वेळ, की आईचे हात थांबले. ती म्हणाली, "ओटाकर, पोरगी विचारतेय." आणि तिचा आवाज ऐकून मला कळलं की हे तिलाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मनगट मोडलं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यापासून."

म्हणजे तुझा घण त्यांच्या मनगटावर बसला त्या दिवशीसुद्धा, राडिम. 'लक्ष कुठे होतं तुझं' असं ते तुला अ‍ॅम्ब्युलन्समध्येही म्हणत होते, आणि आख्खं गाव म्हणालं की पोराचं डोकं फोनवरच्या पोरीत होतं, आणि तूही तेच खरं धरलंस. तुझा घण हातोडीने दाखवलं तिथेच पडला होता. मला माहीत आहे, कारण काल मी तीच टिक बघितली, आणि मीही तिचं ऐकलं असतं तर तिथेच मारला असता. बाबा म्हणाले, "राडिमला सांगू नकोस, मी सांगेन." आई म्हणाली, "कधी? तीन वर्षं होती तुमच्याकडे." काल संध्याकाळपासून ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. आज सकाळी तिने मला पाकीट आणि तिकीट आणून दिलं. ते तुला स्वतः सांगतील याची मी वाट बघणार नाहीये, म्हणून लिहितेय. तू त्यांचं तोंड बघणार नाहीस याची भीती वाटते, आणि तू लगेच माफ करशील याचीही वाटते. आत्ता बाबा येऊन समोरच्या बाकावर बसलेत. काय लिहितेस, असं विचारलं. मी म्हटलं, घरी न्यायच्या सामानाची यादी. ते बरं म्हणाले. मी कागद झाकलेला नाही. त्यांच्यापासून दोन हातांवर उघडा आहे, वर तुझं नाव आहे, आणि ते माझ्या कानाकडे बघत विचारतायत, खिळे लिहिलेस का.

तुझीच,
बेता