स्लावाला कुणी बोलावत नाही

व्हिएन्ना, १४ डिसेंबर २०२०

व्हिएन्नाचे जिने पुसणाऱ्या माझ्या बायांनो! तीस वर्षं आपण यांची घरं लख्ख ठेवली. आणि आज हेच म्हणतात, रोग आपण गावाकडून आणतो!

सभेसाठी एवढं लिहून झालं आणि निरोप आला, सभा रद्द. जमायला बंदी.

संध्याकाळी वुकाशिनचा फोन. "देसा, यंदा येऊ नकोस."

स्लावाला येऊ नकोस? आमच्या घराच्या संताचा दिवस! त्या दिवशी सर्बियात कुणी कुणाला बोलावत नाही. यायचं तो येतो, दार उघडंच असतं. ज्या दिवसाचं बोलावणं नसतं, त्या दिवशी नको म्हणायचा रिवाज याने कुठून काढला?

"का रे?"

"नियम आहेत गं."

"कुठले?"

"सगळेच."

दारू पिऊन ट्रॅक्टर हाकणारा माझा भाऊ नियम पाळायला लागला!

१५ डिसेंबर

बाबांना फोन केला. उचलला वुकाशिनने. "झोपलेत." भर दुपारी? बाबा?

काहीतरी शिजतंय. रास्पबेरीचा मळा नावावर करून घेतला असणार. आणि बाबांचं काय केलंय याने?

१६ डिसेंबर

पुन्हा "झोपलेत". शनिवारपासून परतणाऱ्यांना इथे दहा दिवस घरात कोंडणार म्हणे. कोंडा! मी जाणार.

१७ डिसेंबर, गाडीत

गावाकडे माणसं नेणाऱ्या ग्वोझ्देनची व्हॅन, एकही जागा रिकामी नाही. शेजारची बाई सारखी लिंबाची गोळी चघळतेय. खोकला दाबतेय? मी खिडकी उघडली.

"ताई, गारठून मारता का!"

"गारठ्याने नाही मरत कुणी."

हंगेरीच्या सीमेवर ही रांग! यांच्या देशातून नुसतं पार व्हायचं. लघवीलासुद्धा ठरवून दिलेल्या पंपावरच उतरायचं. ग्वोझ्देन आरशातून म्हणाला, "जो खोकेल त्याला पोलिसांच्या आधी मीच उतरवणार." सगळे आवंढे गिळत बसले. मीसुद्धा. घसा कोरडा पडला होता — हीटरची हवा.

अरिल्ये, १८ डिसेंबर

गावी घराशी पोचले तर वुकाशिन फाटक धरून उभा. तोंडाला मास्क.

"देसा, ऐक. ऑक्टोबरात बाबांना न्यूमोनिया झाला होता. फुप्फुसं पार गेलीत. तुला सांगू नको म्हणाले."

थापा! दोन महिने लपवलं आणि आज फाटकात आठवलं?

मग मी बोलले. सभा रद्द झाली होती, आळी थोडीच रद्द झाली होती! "ज्या दिवशी वाटसरूलाही खुर्ची देतात, त्या दिवशी पोटची पोर फाटकाबाहेर? तिकडे आम्ही रोगट, इकडेही रोगटच? मग आमचं घर आहे तरी कुठे?" खिडक्या उघडल्या. समोरची म्हातारी डोळे पुसायला लागली.

बाबा काठी टेकत बाहेर आले. किती वाळलेत! "उघड रे फाटक. गावात लाज काढू नकोस माझी."

उघडलं!

१९ डिसेंबर, संत निकोला

पाद्री आले नाहीत. बाबांनीच मेणबत्ती लावली. नाताळाआधीचा उपास, मांस वर्ज्य; म्हणून ताटात मासे, घेवडा. स्लावाचा पाव बाबांनी आणि मी मिळून धरला, फिरवला, वाइन शिंपडली. मोडला आणि दोघांनी एकाच जागी ओठ टेकवले. दरवर्षीसारखे.

वुकाशिन दारातच. मास्क काढला नाही, पावाला हात लावला नाही.

"काय रे, बहिणीचं उष्टं चालत नाही?"

बाबा हसले. हसता हसता धाप लागली, खाली बसले.

हा लांब का राहिला? मनात काळं असल्याशिवाय माणूस असा राहत नाही.

२० डिसेंबर

मळ्याचं बाबांना सरळ विचारलं. "माझ्याच नावावर आहे. का गं?"

मग वुकाशिन लपवतोय तरी काय?

२१ डिसेंबर

अंग मोडून आलंय. प्रवास!

२२ डिसेंबर

कॉफी उतू जाऊन जळली. मी चुलीपाशीच उभी होते. बाबा पलीकडच्या खोलीतून ओरडले, "देसा, वास येत नाही का तुला?"

नाही आला. राकियाची, घरच्या कडक दारूची बाटली नाकाला लावली. जणू पाणी!

खोलीत शिरून आतून कडी घातली आहे. फोनवर वुकाशिनला लिहिलं: बाबांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. खोकला यायची वाट बघू नकोस. ने!