आतून आवाज आला नाही तरी

बाबा, रविवारी तुमचं पंधरावं वर्षश्राद्ध आहे. आईनं चार दिवसांपासून घर डोक्यावर घेतलं आहे. वडे, कढी, तांदळाची खीर, सगळं तुमच्या आवडीचं. आणि पाहुण्यांतलं पहिलं ताट, दरवर्षीप्रमाणे, रुआबांधा वस्तीतल्या काकाजींचं. तुमचे जिवाभावाचे मित्र. ते आता ऐंशीला टेकलेत, गुडघे गेलेत, म्हणून त्यांना मोटरसायकलवर बसवून आणायचं काम माझं. मागे बसले की ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात. खांदा घरी काढून ठेवता आला असता तर मी ठेवून गेलो असतो.

तुमचं लाल कुलूप अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी तुमच्याच प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो त्या दिवशी तुम्ही ते माझ्या हातावर ठेवलंत. मशीनमध्ये काम करायला शिरण्याआधी करंट बंद करायचा, स्विचला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. तुमची ती गोष्ट मला पाठ आहे. कोण्या साहेबाला लाइन लवकर सुरू करायची होती, कुलूपवाला माणूस काही दिसेना, साहेबानं आत दोन हाका मारल्या आणि म्हणाला, कोणी नाही, तोडा कुलूप. तुम्ही स्विचसमोर आडवे उभे राहिलात. "साहेब, आतून आवाज नाई आला म्हणजे आत माणूस नाई असं नसते. ज्याचं कुलूप त्यालेच विचारा." ही गोष्ट सांगताना तुमची छाती फुगायची, आणि आई पोळी लाटता लाटता हसायची, कारण तिनं ती शंभरदा ऐकलेली असायची. मलाही तेव्हा तुमचा फार अभिमान वाटायचा.

मी नोकरीला लागलो त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेवीस वर्षांचा. काकाजींच्या घरचे लग्नाला गोंदियाला गेले होते आणि त्यांचा कूलर बंद पडला. "जा, मोटर पाहून दे त्यांची," तुम्ही म्हणालात. भर दुपार, बाहेर चिटपाखरू नाही. मोटर चालू झाली. मी हात धुऊन आलो तर दाराची कडी लागलेली. "काकाजी, मले जाऊ द्या," मी म्हणालो. दोनदा म्हणालो. त्यानंतर माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, हातपाय माझे राहिले नाहीत. जे झालं ते मी इथे लिहिणार नाही. कूलर चालत होता आणि गवताच्या ताटीतून थंड वारा येत होता, एवढंच लिहितो. मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होतो, बाबा. एका धक्क्यात त्यांना भिंतीवर आदळलं असतं. का नाही आदळलं, हे मी स्वतःला इतकी वर्षं विचारत आलो.

आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा बोलावलं. मी नाही म्हणालो. तुम्ही जेवत होतात, घास खाली ठेवलात. "कावून नाई? मोठ्या माणसाचा मान राखता येत नाई तुले? त्या माणसानं तुले खांद्यावर खेळवलं आहे." आई मधे पडली, तर तिलाही बोललात. आणि मी गेलो. दुसऱ्यांदा गेलो, म्हणजे मला ते चालत होतं, असं मीच मला सांगत आलो. पुढे लग्न झालं, मुली झाल्या, तरी दाराची कडी वाजली की मी आधी कोण आतून लावतंय ते बघतो. बायको म्हणते, तुम्हाला चोराची फार भीती. मी हो म्हणतो.

मागच्या महिन्यात आमच्याकडे प्लांटमध्ये एका बाईंनी क्लास घेतला. कोणाच्या अंगाला त्याच्या मर्जीशिवाय हात लावायचा नाही, असा विषय. म्हणाल्या, "चुप रहना हाँ नहीं होता. डर से शरीर जम जाता है. और यह मर्दों के साथ भी होता है." मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, हमारी ऐसी किस्मत कहाँ!" सगळा हॉल हसला. मीही हसलो, बाबा. सगळ्यांत मोठ्यानं. मग बाहेर येऊन नळाखाली डोकं धरून उभा राहिलो, आणि तुमचं ते वाक्य मला आठवलं. आतून आवाज आला नाही म्हणजे आत माणूस नाही असं नसते. मशीनसाठी तुम्हाला हे ठाऊक होतं. माझ्यासाठी ठाऊक नव्हतं.

आज सकाळी आईला म्हणालो, "रविवारी मी नाई जाऊन राहिलो त्याईले आणाले."

"कावून? तब्येत बरी नाई?"

"तब्येत बरी आहे. मले नाई जायचं."

तिनं ताट पुढे ओढलं. मग डाळ निवडायला घेतली. "मंग ऑटो सांगून देतो," म्हणाली. म्हणजे ते येणारच. तुमच्या फोटोखाली बसणार, वडा तोडणार, तुमची आठवण काढून डोळे पुसणार, आणि मला वाढायला उभं राहावं लागेल. एवढाच एक नकार मला पंचवीस वर्षांनी साधला, तोही अर्धा.

हा कागद घडी करून मी तुमच्या कुलपाखाली ठेवतो आहे, तो आणखी जाणार कुठे? पण एक सांगून टाकतो. मी तुम्हाला सांगितलं नाही ते तुम्ही विश्वास ठेवणार नाही या भीतीनं, असं मी आजवर समजत होतो. तसं नव्हतं. तुम्ही विश्वास ठेवला असता, आणि तरीही त्यांना जेवायला बोलावलं असतं, याची मला भीती होती.