दारातली पुट्टी

१२ डिसेंबर, गुरुवार. अझैबा.

अर्बाबच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, वडिलांची जुनी अमेरिकन गाडी आज गॅरेजात आली. म्हातारा गेल्यापासून झाकूनच होती. सूर गावचा एकजण घेणार, पण सगळी ओरिजिनल असेल तरच. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळला, अर्बाब खूश. मग मी फडक्यात गुंडाळून लोहचुंबक फिरवला. पत्र्याला तो चिकटतो, पोचा बुजवायला भरलेल्या पुट्टीला नाही. ड्रायव्हरच्या दारावर सटकन निसटला. परत लावला, परत निसटला.

"अर्बाब, इधर पुट्टी है." वाटलं, आता चिडणार. तर तो त्या जागेवरून हात फिरवत हसायलाच लागला. "खजूर का झाड! बाबा गाडी सिखाता था, मैं ठोक दिया." मग सूरला फोन लावून म्हणाला, खलास, विकायची नाही.

मला आमच्या होडीवरचा पत्रा आठवला. शिकताना मी ती खडकावर घातली होती, तेव्हा बाबांनी ठोकलेला. एक शिवी घातली आणि वल्हं परत माझ्याच हातात दिलं. बाबा गेल्यावर होडी विकून टाक, असं दादाला मीच सांगितलं ना? का सांगितलं? चुंबक अजून खिशातच आहे.

आत्ता दादाला फोन केला. "तो पत्रा आहे ना अजून?"

"आहे. गिऱ्हाईक म्हणतं, आधी तो काढा, मग बोलू."

"मग नको देऊस."

"येड्या, चालवणार कोण?"

म्हटलं, मी येईपर्यंत झाकून ठेव.