बाण आपोआप हलतो

सोमवार, २ नोव्हेंबर १९९८, बारामती

आजपासून मी नोकरदार! सकाळी कऱ्हाटीहून पहिल्या एसटीनं निघाले. मांडीवर आईनं दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, शेजारी पिशवीत कॉम्प्युटर डिप्लोमाचं सर्टिफिकेट. आबा फाट्यापर्यंत सोडायला आले आणि गाडी सुटेपर्यंत उभे राहिले, म्हणजे खूश होते.

भिगवण रोडवर रक्त-लघवी तपासणीची लॅब आहे. तिथं डॉक्टर, टेक्निशियन सर्जेराव आणि आता कॉम्प्युटरवर मी. सर्जेराव पन्नाशीचे, त्यांना सगळे तात्या म्हणतात. कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही. तात्या मशीनला रोज उदबत्ती ओवाळतात. धूर आत जाऊन मशीन बिघडेल म्हटल्यावर त्यांनी उदबत्ती दोन बोटं लांब धरली.

खोली कसब्यात मिळाली, छबूबाईंकडं. नवरा नाही, मुलं मुंबईला, जीव लावणारी बाई. रात्री मला गरम भाकरी आणि पिठलं वाढलं, पैशाचं नंतर बघू म्हणाली. खिडकीतून कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांच्या घंटा ऐकू येतात. छान वाटतंय.

बुधवार, ४ नोव्हेंबर

काम सोपं आहे. तात्या तपासणी करतात, मी रिपोर्ट टाइप करून छापते. पण आज मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी दिसली: पासवर्ड, एक दोन तीन चार. मी ती फाडून टाकली. उंबऱ्यावर किल्ली ठेवून कुलूप लावायचं कशाला?

या मशीनमध्ये नुसती साखर आणि हिमोग्लोबिन नाही. एचआयव्हीचे रिपोर्टही आहेत. माणसाचं नाव, गाव आणि पुढं एकच शब्द. त्या शब्दावर घरं मोडतात. तात्यांना तीन गोष्टी सांगितल्या. खुर्ची सोडली की प्रोग्रॅम बंद करायचा. बाहेरची फ्लॉपी तपासल्याशिवाय घालायची नाही. पासवर्ड डोक्यात ठेवायचा, कागदावर नाही आणि दुसऱ्याच्या कानात तर नाहीच. तात्या म्हणाले, "पोरी, हितं कोण येतंय चोरी करायला?"

सोमवार, ९ नोव्हेंबर

आज ऋषिराज आला. इंदापूरला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. या भागातली निम्मी मशीनं त्यानंच बसवलीत, दवाखान्यांत, शाळांत, पतसंस्थांत. गोरापान, मऊ बोलणारा. आल्याआल्या तात्यांच्या पाया पडला.

मशीनचा आधीचा मोडेम गेल्या महिन्यात जळला होता, त्यानं आज नवा जोडला. काळी डबी, पुढं लाल दिवे, फोनची तार त्यातून घेतलेली. आता पुन्हा काही बिघडलं तर इंदापूरहून यायला नको, तो तिथूनच फोनच्या तारेतून दुरुस्त करणार. मी विचारलं, तिथं बसून दुरुस्त करता येतं म्हणजे तिथं बसून बघताही येतं ना? तो हसला. डॉक्टर माझ्यावरच चिडले. "बाई, तो आपलाच माणूस हाय."

जाताना मोटारसायकलवरून कसब्यात सोडतो म्हणाला. नको म्हटलं. परत विचारलं. परत नको म्हटलं. हसणं तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले.

शनिवार, १४ नोव्हेंबर

दुपारी चहाचा ग्लास माझ्या दोन्ही हातांत होता. माउसला कुणाचा स्पर्श नव्हता. पडद्यावरचा बाण हलला.

आधी थरथरला, मग सरळ रिपोर्टच्या यादीकडं गेला. एकेक रिपोर्ट उघडायचा, मिटायचा. पुरुषांचे पटापट. बायकांच्या नावावर थांबायचा. विशेषतः तरुण बायकांच्या.

तात्यांनी पाहिलं आणि भिंतीला टेकले. म्हणाले, तुझ्याआधीच्या पोरीलाबी असंच दिसायचं, राजनंदिनीला. तिला बाधा झाली म्हणून घरच्यांनी नेली कळसला. मशीनमध्ये कायतरी हाय.

मी फोनचा रिसीव्हर उचलला. आतून हजार रातकिडे एकदम ओरडावेत तशी किर्र. मोडेमचे दिवे लकलकत होते. तार उपटली. बाण जागच्या जागी मेला.

भूत तार काढल्यावर जात नसतं, तात्या. माणूस जातो.

तरी संध्याकाळी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधलेली होती. मी चिडून ती कचऱ्यात टाकली.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

एक बाई आली. इंदापूरकडच्या एका वाडीची. तिचं नाव लिहिणार नाही, गाव लिहिणार नाही. निदान माझ्या वहीत तरी ती सुरक्षित राहू दे.

कडेवर पोर, पायात चप्पल नाही. काउंटरला धरून उभी राहिली. "बाई, माझं तुमीच सांगितलं का वो?" मी नाही म्हणाले. तिला खरं वाटलं नाही. शनिवारी संध्याकाळी तिच्या गावातल्या दुकानाच्या फोनवर कुणीतरी फोन केला. सगळं दुकान ऐकत होतं. नवऱ्यानंच आजार दिला, नवरा मेला, आणि सासरच्यांनी आता हिला गोठ्यात टाकलं. माहेरी गेली. माहेरीही फोन आधीच पोचला होता.

"मी तुमचं काय वाकडं केलं हुतं?" एवढंच तिनं तीनदा विचारलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी यादी पाहिली. शनिवारी बाण ज्या नावावर सगळ्यात जास्त वेळ थांबला होता, ते हेच नाव.

बुधवार, १८ नोव्हेंबर

डॉक्टरांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर ओरडले. ऋषिराज तारेतून आत येतो, नावं वाचतो, फोन करतो. डॉक्टर म्हणाले, पुरावा काय? चोरीला काय गेलं? मशीन जागेवर, माउस जागेवर. फिर्यादीत लिहू काय, बाण हलला?

शेवटी पासवर्ड बदलू दिला. पण त्यांनाही सांगायलाच हवा म्हणाले, लॅब त्यांची आहे. सांगितला. आमच्या घरच्या गाईचं नाव ठेवलं होतं. आता गुपित राहिलंच नाही, लिहायला हरकत नाही. तांबू.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

मी जेवायला गेले तेवढ्यात कुणीतरी तार परत जोडली. पुण्याचे रिपोर्ट मोडेमवरून येतात म्हणे.

तीन वाजता बाण हलला. यादीकडं गेला नाही. कोरं पान उघडलं. रोमन अक्षरांत मराठी उमटायला लागलं, सावकाश, कुणीतरी एका बोटानं टाइप करावं तसं.

"तांबू छान नाव आहे. दूध देते का अजून?"

मी खुर्चीवरून पडले. हो, पडले. कोपर फुटलंय.

रविवार, २२ नोव्हेंबर

कळसला गेले. राजनंदिनीची आई अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. लॅबचं नाव काढताच हाकलायला उठली. राजनंदिनीनंच थांबवलं.

माझ्याएवढीच आहे ती. बाधा वगैरे काही नाही. शेजारच्या घरात फोन वाजला तेव्हा मात्र तिनं दोन्ही कान गच्च धरले, आणि तो थांबेपर्यंत सोडले नाहीत.

मग तिनं एकच विचारलं. "तू त्याला न्हाय म्हणालीस का?"

मी मान डोलावली.

"मीबी म्हणलं हुतं." तिचं लग्न ठरलेलं होतं. सासरी फोन गेला की पोरीला एड्स हाय. तिनं दोन ठिकाणी तपासून घेतलं, काही नव्हतं. "कागद दाखवला गं. कागद कोण वाचतंय? फोन सगळ्यांनी ऐकला."

तिनं सगळ्यांना त्याचं नाव सांगितलं होतं. डॉक्टरांना, तात्यांना, होणाऱ्या सासऱ्याला. "भूत हाय म्हणत्यात, म्हंजी सगळा आळ भुतावर. त्याला तर च्या करून देत्यात."

परतीच्या एसटीत सगळी वाट दात आवळून बसले.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

डॉक्टरांना सरळ विचारलं. तांबू हे नाव फक्त दोघांना माहीत होतं. तुम्ही सांगितलंत का?

हो म्हणाले. सहज. त्यानं फोन करून विचारला, सर्व्हिसिंगला लागतो म्हणाला. दिला.

सर्व्हिसिंगला लागतो! त्यानं विचारला आणि यांनी दिला! कुलूप फोडलं नाही, भिंत खणली नाही. नुसतं गोड बोलून मागितलं. उद्या त्यानं त्या सगळ्या बायकांचे पत्ते मागितले तर तेही देतील, वर चहा पाजतील. मी हे सगळं तोंडावर बोलले. डॉक्टर म्हणाले, तुझाही स्वभाव तापटच, राजनंदिनीसारखा.

टेबलावरचा पेपरवेट मी उचलला होता. खाली ठेवला. का ठेवला?

गुरुवार, २६ नोव्हेंबर

नोकरीला लागताना डॉक्टरांनी माझंही रक्त तपासलं होतं. सगळं निगेटिव्ह. रिपोर्ट मीच टाइप केला होता.

आज उघडून पाहिला. माझं नाव. माझं गाव. पुढचा शब्द बदललेला.

वाचणारा हात लिहूही शकतो, हे मला कसं सुचलं नाही—

तात्यांनी ताबडतोब परत रक्त घेतलं. निगेटिव्ह. पहिल्यांदाच म्हणाले, पोरी, हे भूत न्हाय.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

छबूबाईनं माझी ट्रंक ओट्यावर ठेवली होती. वर माझा पाण्याचा तांब्या, पालथा. समोरच्या पिठाच्या गिरणीत फोन आला होता. मी तात्यांनी दिलेला कागद पुढं केला. तिनं तो हातात घेतला नाही. पदर तोंडाला लावून रडत होती आणि दारही लावत होती.

गरम भाकरी वाढणारी बाई.

तात्यांच्या घरी झोपलेय. झोप नाही.

कऱ्हाटीला फोन गेला असेल का? आबा—

शनिवार, २८ नोव्हेंबर

डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवले, बदललेला आणि तात्यांचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले. मग म्हणाले, मशीन बिघडलंय खरं. उद्या रविवार, लॅब बंद. बोलावलंय त्याला. सगळं पुसून नवीन बसवेल.

त्याला.

त्यालाच बोलावलंय दुरुस्तीला.

रविवार, २९ नोव्हेंबर

सकाळीच तात्यांकडून किल्ली घेऊन आत आले. शटर आतून लावलंय, कडीत मोठा पाना अडकवलाय. फोनची तार कात्रीनं कापली. उपटली नाही, कापली. तुकडे तुकडे केले. खूप बरं वाटलं.

पासवर्ड बदललाय. कुणाला सांगितला नाही. इथंही लिहिणार नाही.

आता एकेक नाव पुसतेय. त्याच्याकडं प्रती असतील, माहीत आहे. तरी पुसतेय. इथून तरी त्याला काही मिळणार नाही. बायकांची आधी.

मोटारसायकल थांबली बाहेर.

—डॉक्टर हाका मारतायत. आणखी लोक आहेत. छबूबाईचाही आवाज. तिला कशाला आणलं?

तो शांत बोलतोय. "योगिनीताई, घाबरू नका. दार उघडायची बी गरज न्हाय, मी तारेतूनच करतो. पासवर्ड तेवढा सांगा."

सगळे म्हणतायत, सांग की बाई त्याला. पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणतायत. फक्त तात्या ओरडतायत, सांगू नको म्हणून. त्यांना कुणीतरी लांब नेलं. आवाज लांब गेला.

अजून बरीच नावं राहिलीत—

तो आता पासवर्ड ओळखतोय. मोठ्यानं. सगळ्यांसमोर, खेळ खेळल्यासारखा. आईचं नाव घेतलं. नाही. आबांचं. नाही. शाळेतल्या बाईंचं. नाही. लहानपणी गेलेल्या माझ्या भावाचं— ते नाव बारामतीत मी कुणाला, कुणालाच— आमच्या घरात ते नाव कुणी घेत नाही. म्हणजे कऱ्हाटीला फोन गेलाय. त्याच्या तोंडात ते— त्याच्या घाणेरड्या तोंडात—

लोक हसतायत. डॉक्टरसुद्धा.

नाही सांगणार. ऐकलंत का? नाही सांगणार.

हसणं थांबलं. काहीतरी लोखंडी घासतंय. पाना वाकतोय. शटरखालून उजेड आला, बोटभर.

बोटं आत आलीत. गोरी. स्वच्छ नखं.

कात्री माझ्या हातात आहे. नाही सांगणार. नाही सांग—