बाबांची टिचकी

मंगळवार, संध्याकाळ. अकोला.

आज बाबांना खरं सांगून टाकलं. सांगायला नको होतं. पण सांगताना बरं वाटलं, हेही लिहूनच ठेवते.

माशांच्या काचेच्या टाकीतल्या पाणझाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड गॅस मी घरीच बनवते. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, यीस्ट, पाणी, आणि झाकणातून एक नळी टाकीत. या उन्हाळ्यात ते भलतंच खदखदतं. गॅस जास्त झाला की मासे तोंडं उघडून वर येतात. मी शाळेतून येऊन नळी काढेपर्यंत बाबा काचेवर टिचक्या मारत बसलेले असतात.

आज म्हणाले, "पाह्य, टिचकी मारली का वर येतात. मले ओयखतात. तुह्यापेक्षा मासोया बऱ्या. तुले त दहा हाका मारा लागते."

मी म्हणाले, "तुमाले कोनी ओयखत नाई, बाबा. जीव गुदमरून राह्यला त्याईचा. तिथं कोनीबी बसलं असतं तरी आल्या असत्या."

आणि नळी ओढून काढली. थोड्या वेळाने मासे एकेक करून खाली गेले. बाबांनी टिचकी मारली. पुन्हा मारली. एकही आला नाही. मला हसू आलं. का बरं आलं असेल?

आत्ता चहा द्यायला गेले तर बोट अजून काचेवरच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते नळी लाव ना वं. दोनच मिनिटं."

लावली. मग दोघेही माशांनी तोंडं उघडायची वाट बघत बसलो.